नाणेघाटाचे कथील आणि बस्तरचे काळे खडे

कल्याणच्या खाडीपासून निघून मुरबाडच्या पेठेवरून आणि वैशाखऱ्याच्या रानातून जाणारा, सह्याद्रीच्या उभ्या कड्याला भिडून जुन्नरच्या पठारावर चढणारा नाणेघाटाचा मार्ग हा महाराष्ट्राच्या व्यापारी इतिहासातील अत्यंत प्राचीन व अत्यंत बोलका दस्तऐवज आहे. कारण घाटमाथ्याच्या लेण्यात राणी नागनिकेच्या यज्ञयागांची आणि दानांची जी प्रशस्ती ब्राह्मी लिपीत कोरलेली आहे, तिच्यात दिलेल्या गाईंची, अश्वांची, हत्तींची आणि कार्षापणांची गणना अंकांनी मांडलेली असून ते अंक आपल्या देशातील अतिप्राचीन संख्याचिन्हांपैकी मानले जातात. १८२८ साली कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने या लेण्याकडे विद्वानांचे लक्ष वेधले. भिंतीवरील सातवाहन राजपुरुषांच्या मूर्ती काळाच्या ओघात नष्ट झाल्या आणि त्यांच्या नावांची अक्षरे तेवढी उरली. घाटाच्या तोंडाशी दगडात घडविलेला एक प्रचंड रांजण आहे, आणि तो जकातीचे नाणे टाकण्यासाठी होता असे मुरबाडकडचे लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. परंपरा खरी असो वा नसो, त्या वाटेने माल चढत होता आणि मालावर कर बसत होता, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

हा माल कोणता होता, याचे उत्तर इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषी नाविकाने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासवृत्तात शोधावे लागते. बरीगाझा, म्हणजे आपले भडोच, येथे परदेशी जहाजांतून उतरणाऱ्या जिनसांची यादी त्याने दिली आहे, आणि तिच्यात मद्याच्या पाठोपाठ तांबे, कथील आणि शिसे ही तीन नावे सलग येतात. पैठण आणि तेर या दक्षिणेतील दोन थोर नगरांचाही तो उल्लेख करतो. आणि कल्याणविषयी सांगतो की ते पूर्वीच्या राजाच्या अमदानीत कायदेशीर व्यापाराचे बंदर होते, परंतु पुढे सत्ता पालटल्यावर तिकडे चुकून गेलेली ग्रीक जहाजे पहाऱ्याखाली भडोचला नेली जात. ज्या वर्षांत कल्याणचे बंदर मोकळे होते त्या वर्षांत पैठणच्या कारागिरांना लागणारे कथील बैलांच्या पाठीवरून नाणेघाट चढून गेले असले पाहिजे, असे अनुमान मी करतो. कारण समुद्रापासून त्या राजधानीकडे जाणारी जवळची वाट तीच होती. सातवाहनांची जी नाणी विदर्भात विपुल सापडतात, आणि १९३९ साली तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातील तऱ्हाळा येथे ज्यांचा मोठा साठा उजेडात आला, ती तांबे, कथील आणि शिसे यांच्या मिश्रधातूची आहेत. ज्या राज्याचे चलन कथिलावाचून ओतता येत नाही, त्या राज्याच्या भूमीत मात्र कथिलाची खाण नसावी, ही परिस्थिती विचार करण्यासारखी आहे.

कथिलाची ही वाण सातवाहनांच्याही पूर्वीची होती. घाटाच्या पलीकडे, प्रवरेच्या काठी दायमाबाद येथे, १९७४ साली हत्ती, गेंडा, रेडा आणि बैल जुंपलेला रथ अशा चार ओतीव मूर्ती सापडल्या. एकत्र वजन साठ किलोंहून अधिक. त्यांच्या धातूचे पृथक्करण झाले तेव्हा तांब्यात एक टक्क्याहून अधिक सोमलाचे मूलद्रव्य आढळले. त्या मूर्ती नेमक्या कोणत्या काळच्या, यावर विद्वानांत मतभेद झाले. पण तांब्याला कठीणपणा आणण्यासाठी ज्या प्रदेशात कथील हाताशी नसते तेथे दुसरा मार्ग शोधावा लागतो, हे सत्य धातुविद्येच्या इतिहासात सर्वत्र दिसते.

आता घाटाच्या अलीकडच्या शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांच्या भूमीकडे पाहावे. येथला दगड काळा, घट्ट, थरांवर थर चढलेला. माहुलीच्या गडाचे सुळके, सिद्धगड आणि गोरखगड, माळशेजचे कडे, हे सारे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून वाहून आलेल्या लाव्हाचे थर होत. भूवैज्ञानिकांनी या थरांना जी नावे दिली त्यांतील जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी आणि भीमाशंकर ही नावे आपल्याच परिसरातील गावांची व डोंगरांची आहेत, याचा येथील रहिवाशाला अभिमान वाटल्यास तो अस्थानी नाही. पण बेसाल्ट हा खडक कथिलाच्या बाबतीत अत्यंत दरिद्री. पृथ्वीच्या कवचात सरासरीने पाहिले तरी कथील दर दहा लाख भागांत दोन-तीन भाग एवढेच असते. त्याचे खनिज बनायचे तर निसर्गाने ते शेकडो पटींनी एकत्र आणले पाहिजे, आणि बेसाल्टच्या लाव्हाला तेवढी सवड मिळत नाही. तो वाहतो, थंड होतो, आणि त्यातले अल्पसे कथील जिथल्या तिथे विखुरलेले राहते. या थरांखाली प्राचीन ग्रॅनाइट आहेच. कोयनेजवळ रासाटी येथे घेतलेल्या वेधछिद्रात नऊशे मीटरांहून अधिक बेसाल्ट ओलांडल्यावर तो हाती लागला. परंतु एवढ्या खोल निजलेल्या खडकाचा लाभ डोंगरावरच्या माणसाला होत नाही.

याचा अर्थ आपल्या डोंगरांनी खनिजशास्त्राला काहीच दिले नाही असा मात्र करू नये. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे रूळ १८५४ मध्ये कल्याणला आणि पुढच्याच वर्षी वासिंदला पोहोचले. त्यानंतर आसनगाव, खर्डी, कसारा असे करीत शहापूर तालुका आडवा ओलांडून १८६५ च्या जानेवारीत थळघाटावरून गाडी इगतपुरीला गेली. चीफ इंजिनिअर जेम्स बर्कली याच्या देखरेखीखाली बोरघाट आणि थळघाट या दोन चढांवर जी बोगद्यांची व कापांची कामे झाली, त्यांत हजारो मजुरांचे श्रम आणि प्राण खर्ची पडले. या फोडलेल्या खडकांच्या पोकळ्यांतून शुभ्र, गुलाबी आणि हिरवट स्फटिकांचे झुपके बाहेर पडले. स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, अ‍ॅपोफिलाइट अशा नावांनी ते युरोपातील संग्रहालयांत पोहोचले, आणि आज सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात त्यांचे अनुपम नमुने पाहावयास मिळतात. या स्फटिकांचे विशिष्ट गुरुत्व दोन ते अडीचच्या आसपास असते, म्हणजे मूठभर उचलले तर हाताला हलके लागतात. ज्याची दृष्टी या हलक्या, पारदर्शक सौंदर्यावर घडली, त्याला कथिलाचे खनिज ओळखायला हात नव्याने शिकवावा लागतो. कारण कॅसिटेराइट हे कथिलाचे मुख्य खनिज काळपट, अनाकर्षक आणि गुरुत्वाने सातच्या आसपास असते.

खनिज नसले तरी धातू मात्र या मुलखात घरोघर होता. तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई केल्यावाचून त्यांत आंबट पदार्थ ठेवता येत नाही, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक. म्हणून कल्हईवाला वर्षातून एक-दोनदा गावात येई, जमिनीत खळगा करून भाता लावी, भांडे तापवून त्यावर नवसागर भुरभुरवी आणि कथिलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने ती आतून फिरवी. पौष पौर्णिमेच्या सुमारास मुरबाडजवळ म्हसा येथे खांबलिंगेश्वराची जी मोठी जत्रा भरते, तिच्यात जनावरे, घोंगड्या आणि संसारोपयोगी जिनसा यांचा बाजार असतो, आणि भांडीकुंडी घेणाऱ्या माणसाला कथिलाशी संबंध टाळता येत नाही. हे कथील मलायाच्या नद्यांतून आणि बांका बेटातून मुंबई बंदरात उतरे. १९४२ च्या फेब्रुवारीत सिंगापूर पडले, मलाया आणि डच ईस्ट इंडिज जपानच्या अंमलाखाली गेले, आणि दोस्त राष्ट्रांचा कथिलाचा फार मोठा पुरवठा एका मोसमात तुटला. युद्धकाळातील या अनुभवाने प्रत्येक सरकारला आपापल्या भूमीत कथील आहे किंवा कसे हे पाहण्याची निकड भासली. हिंदुस्थानात हजारीबागच्या बाजूला कथिलाचे किरकोळ ठिकाण पूर्वीपासून माहीत होते; पण त्यावर राष्ट्राची गरज भागण्यासारखी नव्हती.

ज्या भूमीत अखेर कथील मिळाले ती भूमी मराठी माणसाला परकी नाही. बस्तर हे संस्थान अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून नागपूरकर भोसल्यांना टकोळी भरत असे. तेथील हलबी भाषेत मराठीचा अंश स्पष्ट ऐकू येतो. आणि १९४८ साली संस्थान विलीन झाल्यावर १९५६ पर्यंत त्याचा कारभार नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातून चाले. त्यानंतर ते पुनर्रचित मध्यप्रदेशाकडे राहिले आणि २००० सालापासून छत्तीसगडमध्ये आहे. दक्षिण बस्तरातील दंतेवाडा आणि सुकमा या आजच्या जिल्ह्यांत, कटेकल्याण, तोंगपाल, गोविंदपाल, चिऊरवाडा, मुंडवाल या गावांच्या परिसरात, ग्रॅनाइट आणि त्याहून जुने खडक उघडे पडलेले आहेत. त्यांतील ग्रॅनाइटाचे वय सुमारे दोनशे तीस कोटी वर्षांच्या घरातले. म्हणजे हे ग्रॅनाइट थिजले तेव्हा सह्याद्रीचा बेसाल्ट जन्मास येण्याला दोनशे कोटींहून अधिक वर्षे अवकाश होता.

ग्रॅनाइटचा द्रव थिजत जाताना शेवटी जो अंश उरतो, त्यात पाणी, फ्लोरीन, बोरॉन, लिथियम अशी द्रव्ये साचतात, आणि स्फटिकांच्या सामान्य जाळीत जागा न मिळालेली कथील, टँटॅलम, नायोबियम, बेरिलियम ही दुर्लभ मूलद्रव्येही त्याच अंशात उरतात. हा शेषद्रव खडकांच्या भेगांत शिरून थिजतो, आणि त्यातील पाणी व इतर द्रव्ये यांमुळे स्फटिकांची बीजे थोडी पडून ते मोठे होतात; अशा खडकाला पेग्मटाइट म्हणतात. गृहिणी वरण आटवते तेव्हा पाणी जाऊन मीठ तळाशी तीव्र होत जाते, त्याच न्यायाने शेवटच्या थेंबात दुर्लभ द्रव्यांचे प्रमाण वाढत जाते, असे समजावे. बस्तरमध्ये यातील विशेष हा की जे पेग्मटाइट ग्रॅनाइटातच राहिले त्यांच्यापेक्षा जे बाहेरच्या गर्द रंगाच्या मेटाबेसाइट खडकांत घुसले त्यांच्यात कथील अधिक आढळते.

या प्रदेशाचे पहिले व्यवस्थित भूवैज्ञानिक सर्वेक्षण एच. क्रुकशँक या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याच्या अधिकाऱ्याने १९३० नंतरच्या दशकात केले, आणि त्याचा बैलाडिला डोंगरापासून पूर्वघाटापर्यंतच्या दक्षिण बस्तर व ओडिशातील जेपूर यांविषयीचा ग्रंथ १९६३ मध्ये खात्याच्या ‘मेमॉयर्स’ या मालेत प्रसिद्ध झाला. मुंडवालजवळच्या पेग्मटाइटमध्ये लेपिडोलाइट नावाचा जांभळट अभ्रक असल्याचे तेव्हापासून ज्ञात होते. लेपिडोलाइट म्हणजे लिथियमचा अभ्रक. ज्या पेग्मटाइटमध्ये तो येतो तेथे शेषद्रव फार पुढच्या अवस्थेपर्यंत पोहोचलेला असतो, आणि म्हणून कथील व टँटॅलम यांची अपेक्षा करणे युक्त ठरते. खुणेची जागा अशी दशकानुदशके नकाशावर होती. पण ती वाचायला चिकाटीचे पाय आणि ओढ्यातली रेती धुणारे हात लागले, आणि ते १९७० नंतरच्या दशकात मध्यप्रदेशच्या भूविज्ञान व खनिकर्म संचालनालयाने आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने दिले. या कामाचा वृत्तान्त टी. एम. बाबू यांनी ‘टिन इन इंडिया’ या १९९४ साली बंगळूरच्या भूवैज्ञानिक सोसायटीने काढलेल्या ग्रंथात दिला आहे. मराठीत या शोधाविषयी लिहिले गेले ते फारच थोडे, आणि ही उणीव मला खटकते. बैलाडिलाच्या लोखंडाला आपल्या वाचकांत जे स्थान मिळाले त्याच्या शतांशही या कथिलाला मिळाले नाही.

ओढ्याच्या पात्रात एका घमेल्यात रेती घेऊन पाण्यात हेलकावे दिले की माती आणि पांढरी गारगोटी वाहून जाते आणि तळाशी काळी भारी रेती उरते. आता या काळ्या रेतीत कोण कोण आहे? मॅग्नेटाइट असेल तर लोहचुंबकाला चिकटेल. इल्मेनाइट असेल तर बिनचकाकीच्या चिनी मातीवर घासल्यावर काळी रेघ उठेल. टूर्मलीन दिसायला काळे आणि लांबट, पण गुरुत्वाने जेमतेम तीन, म्हणून धुताना ते आधीच निघून जाते. गार्नेट लालसर आणि गोलसर. या सर्वांना बाजूला केल्यावर जो कण तळाशी घट्ट बसून राहतो, ज्याला पोलादी चाकूने ओरखडा उठत नाही, ज्याच्या मोडलेल्या कडेवर हिऱ्यासारखी चमक दिसते आणि ज्याची रेघ मात्र जवळजवळ पांढरी पडते, तो कॅसिटेराइट असण्याचा संभव मोठा. त्याचे जुळे स्फटिक कोपरातून वाकलेल्या हातासारख्या आकाराचे असतात, आणि एकदा ओळखीचे झाले की पुन्हा विसरले जात नाहीत.

तरीही संभव म्हणजे सिद्धता नव्हे. सिद्धतेसाठी क्षेत्रावरच करता येणारी एक सोपी आणि फार सुंदर कसोटी आहे. शंकास्पद कण जस्ताच्या तुकड्यांबरोबर विरळ हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवला की जस्त आम्लाशी संयोग पावून हायड्रोजन सुटतो, आणि कणाच्या पृष्ठावरील कथिलाचा ऑक्साइड क्षपित होऊन त्यावर धातुरूप कथिलाचा करडा लेप चढतो. कण धुऊन कापडाने घासला की तो लखलखतो. म्हणजे कल्हईवाला जे भांड्यावर बाहेरून करतो ते येथे खनिजाच्या अंगातूनच घडते. अन्य काळ्या खनिजांवर हा लेप चढत नाही. जुन्या काळी कोळशाच्या फळीवर सोड्याबरोबर कण ठेवून फुंकणीच्या ज्वालेने तापवीत, आणि पांढऱ्या धातूचा मणी निघाला तर कथील सिद्ध होई. कॅसिटेराइटमध्ये वजनाने शेकडा ७८ हून थोडे अधिक कथील असते, हे ध्यानात घेतले तर एवढ्या छोट्या कणातून धातूचा मणी का निघतो ते कळते.

बस्तरच्या आदिवासी स्त्रीपुरुषांनी ही विद्या फार लवकर आत्मसात केली. शेतीचे दिवस सरले की ओढ्यांच्या काठी आणि शेतांच्या बांधांवर खड्डे खणून माती काढावयाची, ती जवळच्या डबक्यात धुवावयाची, आणि तळाशी उरलेले काळे खडे वाळवून विकावयाचे, अशी वहिवाट तेथे पडली. शासकीय महामंडळाने ही खनिजाची खरेदी हाती घेतली. पूर्वी मध्यप्रदेशाचे आणि राज्यविभाजनानंतर छत्तीसगडचे महामंडळ. आज भारतात कथिलाचे खनिज ज्या एकमेव राज्यात निघते ते छत्तीसगड होय, आणि त्यातला मोठा वाटा या हातांनी धुतलेल्या मातीचा आहे. ज्या ज्ञानाला शहरात पदवी लागते ते ज्ञान येथे बोटांच्या टोकांत साठलेले असते. वजनावरून कण सच्चा की खोटा हे ज्या शीघ्रतेने तेथील बाई सांगते, त्या शीघ्रतेने प्रयोगशाळेतला तराजूही सांगू शकत नाही, असे मला वाटते.

पण याच काळ्या रेतीत कथिलाची अशीही नातलग मंडळी असतात की ज्यांना बोट, तराजू आणि जस्ताची कसोटी ही तिन्ही पुरी पडत नाहीत. आणि खनिजशास्त्राच्या इतिहासातील माझ्या दृष्टीने सर्वांत रंजक प्रकरण येथे आरंभ पावते. नायोबियम आणि टँटॅलम ही दोन मूलद्रव्ये पेग्मटाइटमध्ये कथिलाच्या अंगाशी अंग लावून असतात. यांपैकी पहिले १८०१ साली चार्ल्स हॅचेट याने अमेरिकेतून आलेल्या आणि ब्रिटिश म्युझियममध्ये पडून असलेल्या एका काळ्या दगडातून शोधले, त्याला कोलंबियम असे नाव दिले. दुसरे पुढच्याच वर्षी स्वीडनचा अँडर्स एकेबर्ग याने फिनलंड आणि स्वीडन येथील खनिजांतून शोधले. १८०९ साली विल्यम वॉलस्टन या अत्यंत सावध आणि कीर्तिमान रसायनज्ञाने दोन्हींच्या ऑक्साइडांची तुलना केली. एका खनिजाचे गुरुत्व सुमारे ५.९ आणि दुसऱ्याचे ८ च्या घरात, हा फरक त्याच्या दृष्टीस पडला होता. तरीही रासायनिक वर्तन इतके सारखे की त्याने दोन्ही मूलद्रव्ये एकच आहेत असा निर्णय दिला. या निर्णयाला पस्तीस वर्षे कोणी प्रभावीपणे आव्हान दिले नाही. १८४४ साली हाइन्रिश रोझ याने बर्लिन येथे दोन्ही वेगळी असल्याचे दाखविले. तराजूने जो इशारा दिला होता तो एका मोठ्या माणसाने बाजूला सारला, आणि त्याच्या थोर नावानेच चूक दीर्घायुषी झाली. या कथेतून मी तरी एवढेच घेतो की अंक मांडल्यावर त्यांचा अर्थ मान्य करण्याचे धैर्य लागते.

फिनलंडच्या किमिटो परिसरातील स्कोगबॉले येथून नोर्डेनशेल्ड याने १८५७ साली एक काळे खनिज वर्णिले, त्याला ग्रीक पुराणातील इक्सियोन या राजाच्या नावावरून इक्सियोलाइट असे नाव दिले. कारण टँटॅलस आणि इक्सियोन हे दोघेही देवांच्या शापाने अखंड यातना भोगणारे. या खनिजात टँटॅलमबरोबर कथीलही होते. मग विसाव्या शतकाच्या आरंभी पश्चिम ऑस्ट्रेलियातील वोजिना येथे टँटॅलमच्या शोधात एक जड, गर्द तपकिरी खनिज हाती आले, आणि १९०९ साली सिम्पसन याने त्यालाही इक्सियोलाइट म्हटले. उपलब्ध साधने पाहता हा निष्कर्ष अयोग्य नव्हता. रासायनिक पृथक्करणात दोन्हींत मँगनीज, लोह, कथील, टँटॅलम आढळे, आणि डोळ्यांना तर दोन्ही सारखीच काळपट.

निर्णय व्हायला क्ष-किरणांची वाट पाहावी लागली. १९१२ साली लाउए आणि पाठोपाठ ब्रॅग पितापुत्र यांनी स्फटिकांतील अणूंची मांडणी क्ष-किरणांच्या विवर्तनातून वाचता येते हे दाखविले, आणि काही वर्षांतच चूर्णपद्धती आली. एका बारीक नळीत खनिजाची भुकटी भरून तिच्यावर किरण टाकले की फिल्मवर वक्ररेषा उमटतात, आणि त्या रेषांची स्थाने प्रत्येक खनिजाची वेगळी. यामुळे खनिज काय आहे या प्रश्नाचा अर्थच बदलला. पूर्वी त्यात कोणते द्रव्य किती हा प्रश्न होता. आता ती द्रव्ये कोणत्या शिस्तीने बसली आहेत हा प्रश्न झाला. १९६३ साली ओटावा येथील निकेल, रोलंड आणि मॅकअ‍ॅडम या त्रयीने वोजिना आणि कॅनडातील मॅनिटोबा प्रांतातील बर्निक सरोवर या दोन जागांचे नमुने तपासून दाखविले की हे एक स्वतंत्र खनिज आहे, आणि त्याला वोजिनाइट हे नाव दिले. दोन्ही खनिजांत ऑक्सिजनच्या अणूंची मूळ रचना सारखी. परंतु इक्सियोलाइटमध्ये मँगनीज, कथील, टँटॅलम हे धातू कोणत्याही जागी बसलेले, आणि वोजिनाइटमध्ये प्रत्येकाची जागा ठरलेली. त्यामुळे त्याच्या फिल्मवर काही अधिक रेषा उमटतात, आणि त्या क्षीण रेषाच त्याच्या स्वतंत्र अस्तित्वाचा पुरावा. काही इक्सियोलाइट तापविले की धातू आपापल्या जागी सरकतात आणि नवी रेषामालिका प्रकट होते. म्हणून तापवण्यापूर्वी आणि तापवल्यानंतर अशा दोन फिल्मा घेणे ही एक परीक्षाच होऊन बसली. बर्निक सरोवराच्या खाणीत हेच वोजिनाइट टँटॅलमचे मुख्य खनिज ठरले. म्हणजे एका दुर्लभ वस्तूची ओळख पटणे आणि एका मोठ्या खाणीचे आर्थिक मूल्य ठरणे या गोष्टी परस्परांपासून दूर नव्हत्या.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास नायजेरियातही असेच एक प्रकरण घडले. काब्बा प्रांतातील कथीलयुक्त पेग्मटाइटांच्या प्रदेशात तपकिरी, षट्कोनी पापुद्र्यांचे एक अनोळखी खनिज आढळले, आणि १९४७ साली बॅनिस्टर, हे आणि स्टाडलर यांनी लंडनच्या नियतकालिकात त्याचे वर्णन नायजेराइट या नावाने केले. अ‍ॅल्युमिनियम, जस्त आणि लोह यांच्यासह कथीलही अंगात बाळगणारे हे ऑक्साइड दिसायला गार्नेटच्या चुऱ्यासारखे, आणि शोधकाने त्याकडे दुसऱ्यांदा पाहिले नसते तर ते रेतीबरोबर वाहून गेले असते. पुढे १९५१ साली पॅरिसमध्ये रेमों कास्तँ याने आपल्या प्रबंधात मांडलेले इलेक्ट्रॉन-प्रोब यंत्र आल्यावर अशा कणांच्या एकेका बिंदूची रासायनिक घडण, कण न विरघळवता, कळू लागली. १९९२ मध्ये एर्सिट, चेर्नी आणि हॉथॉर्न यांनी या साऱ्या सामग्रीच्या बळावर वोजिनाइटच्या कुळाची पुनर्मांडणी केली, आणि एका नावाखाली ज्यांना एकत्र ओळखले जाई त्यांच्यात लोह, टायटेनियम, लिथियम यांच्या प्राबल्यानुसार वेगवेगळी खनिजे ठरली.

या विद्येचा बस्तरशी प्रत्यक्ष संबंध आहे. तेथील कॅसिटेराइट शुद्ध नसते. त्याच्या स्फटिकाच्या अंगात नायोबियम व टँटॅलम शिरलेले असतात आणि कोलंबाइट-टँटॅलाइट या त्यांच्याच खनिजाचे सूक्ष्म कणही अडकलेले असतात. भट्टीत कथील क्षपित होऊन वितळते आणि तळाशी वाहते, पण टँटॅलमला त्या उष्णतेत धातुरूप मिळत नाही. ते ऑक्साइडच्या रूपात मळीत राहते. थायलंडमध्ये कथिलाच्या भट्ट्यांची मळी पिढ्यान्‌पिढ्या रस्त्यांत आणि भरावात घातली गेली होती. तिच्यात टँटॅलम असल्याचे उमगल्यावर फुकेत येथे १९७० नंतरच्या काळात जुने ढीग आणि भराव उकरून ती परदेशी विकली जाऊ लागली, आणि १९८६ साली तेथे उभारलेल्या टँटॅलमच्या कारखान्याला प्रदूषणाच्या भीतीने खवळलेल्या जमावाने आग लावली. बस्तरच्या कथिलाच्या मळीतूनही नायोबियम व टँटॅलम काढण्याचे प्रयोग आपल्या देशात झाले आहेत. मोबाइल टेलिफोनच्या आत जी बारीक संधारित्रे (कपॅसिटर) असतात त्यांना हेच टँटॅलम लागते. ओढ्याच्या काठी वजनावर खरेदी होणाऱ्या काळ्या खड्याची किंमत केवळ कथिलाच्या भावाने ठरवावयाची, की त्याच्या अंगातील दुसऱ्या द्रव्याचाही भाव धरावयाचा, हा प्रश्न खरेदीच्या दप्तरात आणि प्रयोगशाळेच्या टेबलावर एकाच वेळी सुटला पाहिजे; आणि तो सुटण्यासाठी खणणाऱ्याच्या पिशवीतील मूठभर कण नियमाने क्ष-किरणांखाली गेले पाहिजेत.